घरातील ग्रंथ उघडा

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबात देवघराची जागा रिकामी होते आणि तेथे भगवान बुद्धांची मूर्ती व डॉ. बाबासाहेबांची तसबीर येते. जवळच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ ठेवलेला असतो. हे योग्यच आहे. परंतु त्या ग्रंथाला हार घातला जातो, उदबत्ती ओवाळली जाते आणि वर्षानुवर्षे त्याचे पान उलटले जात नाही, असे दृश्य अनेक घरांत दिसते. पोथीची पूजा करावी व तिचा अर्थ दुसऱ्याने सांगावा, ही रीत आपण ज्या धर्मात सोडून आलो तेथली आहे. तीच नव्या घरात नांदू लागली, तर आपण नेमके काय सोडले, असा प्रश्न कोणी विचारल्यास उत्तर देणे कठीण जाईल.

ग्रंथांवर प्रेम कसे करावे, हे शिकण्यासाठी प्रभादेवी, परळ, दादर या भागातील माणसाला दूर जावे लागत नाही. परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदारांचे कुटुंब राहत असे. मुलाने लवकर झोपावे म्हणून वडील स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासासाठी उठवीत. पुस्तकासाठी पैसे नसले म्हणजे लेकीचा दागिना गहाण ठेवण्यासही ते कचरत नसत. पुस्तक ही चैन नसून घराची गरज आहे, हा धडा बाबासाहेबांना प्रथम चाळीतच मिळाला. शाळकरी वयात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाने आपल्या मनावर केवढा परिणाम केला, ते बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या आपल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. मुलाच्या हाती दिलेले एक पुस्तक पुढे लाखो माणसांच्या धर्मांतरापर्यंत पोहोचले, हे विसरून चालणार नाही.

न्यूयॉर्कमध्ये जमविलेली त्यांची पुस्तके १९१७ साली स्वदेशी येताना वेगळ्या आगबोटीने पाठविली होती. युद्धात ती आगबोट बुडाली आणि ग्रंथही गेले. तरीही त्यांनी पुन्हा संग्रह केला. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधताना ग्रंथांसाठी मुद्दाम प्रशस्त जागा राखली.

परंतु संख्येपेक्षा त्यांची वाचनाची रीत अधिक मोलाची आहे. त्यांच्या संग्रहातील बरीच पुस्तके सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत जॉन ड्यूई यांच्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची त्यांची प्रत असून तिच्यात जागोजागी पेन्सिलीने रेघा ओढलेल्या आहेत. त्यानंतर वीस वर्षांनी, १९३६ साली, लाहोरसाठी तयार केलेल्या पण तेथे होऊ न शकलेल्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी आपल्या या गुरूचे ऋण नावानिशी मान्य केले. वाचलेले मनात मुरावे, त्याच्याशी वाद घालावा आणि आपल्या समाजाच्या प्रश्नावर ते लावून पाहावे, याला वाचन म्हणतात.

दुसरी गोष्ट आवडीनिवडीची. आपल्याला पटेल तेवढेच वाचावे, अशी वृत्ती हल्ली आपल्यातही बळावत आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन घडवून आणले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच मनूची वचने त्यांनी आपल्या ग्रंथांत किती बारकाईने तपासली आहेत, ते किती जणांनी पाहिले आहे? ज्या ग्रंथाचा धिक्कार करावयाचा तो आधी वाचला पाहिजे. न वाचता केलेला धिक्कार आणि न वाचता केलेली पूजा या दोहोंत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. म्हणून विरोधकांचे पुस्तकही घरात आणावे. कथा, कादंबरी, चरित्र, विज्ञान, प्रवास, ज्याला जे रुचेल ते त्याने वाचावे. मुलाने चळवळीचीच पुस्तके वाचावीत असा हट्ट धरणे म्हणजे वाचनाची भूक मारणे होय.

जागा नाही, वेळ नाही, पैसा नाही, या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांवर मार्गही आहेत. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आज भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येतो. तो ज्या विश्वकोश मंडळाने सिद्ध केला त्याचा पत्ताच आपल्या प्रभादेवीचा, रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीचा राहिला आहे. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध केली असून त्यांचा पाया वसंत मून यांनी घातला. या खंडांची छपाई रखडल्याच्या वृत्ताची २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हे खंड वेळेवर व स्वस्तात मिळणे हा वाचकाचा हक्क आहे. तो मागण्यासाठी मात्र आधी वाचक असावे लागतात. जो ग्रंथ कोणी मागत नाही, त्याच्या छपाईची निकड कोणत्या सरकारला वाटणार?

आमच्या मते प्रत्येक बौद्ध कुटुंबाने तीन नियम स्वतःला घालून घ्यावेत. पहिला, सायंकाळच्या वंदनेनंतर कोणीतरी एकाने चार पाने मोठ्याने वाचावीत व इतरांनी शंका विचाराव्यात. ज्या वृद्धांना अक्षरओळख नाही, त्यांनाही ग्रंथ अशाने कळेल. दुसरा, घरातील मुलीला व सुनेला वाचनासाठी रोज ठराविक वेळ मोकळा द्यावा. भाऊ पुस्तक घेऊन बसला आहे आणि बहीण भांडी घासते आहे, असे ज्या घरात चालते तेथे समता केवळ तसबिरीत आहे. तिसरा, विहारातील पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप काढावे. चार प्रती हरवल्या तरी चालतील. कुलपाआड सुरक्षित राहिलेल्या प्रतीने कोणाचे भले झालेले नाही.

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर आपले लोक पदरमोड करून पुस्तके विकत घेतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे भाकरीच्या गाठोड्याबरोबर ग्रंथ घेऊन परततात. एवढी ग्रंथनिष्ठा ज्या समाजात आहे, त्याला वाचनाचा उपदेश करण्याची गरज नाही, असे कोणी म्हणेल. पण खरेदी हे पहिले पाऊल आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचा अधिकार नाकारला गेला, त्यांच्या हातात आज ग्रंथ आहे. तो उघडण्यास आता कोणाचीही परवानगी लागत नाही.