फाँट म्हणजे लिपी नव्हे

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे 40 फूट लांबीचे कापड. चारशे वर्षांनंतरही त्यावरची अक्षरे ओळखता येतात. याच जिल्ह्यात 2004 साली टंकलिखित करून घेतलेला माझा प्रबंध आज संगणकावर उघडला, तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. परिवर्तक वापरून पाहिला, जोडाक्षरे तुटली.

दोष संगणकाचा नाही. त्या फाइलीत देवनागरी नव्हतीच. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीची चित्रे चिकटवलेली असत. फाँट गेला की चित्रे गेली. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला स्वतःचा संकेतांक आहे. ही गोष्ट डीटीपीवाल्याला ठाऊक असते. चिन्हमीमांसेवर तासभर बोलणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना मात्र ती तांत्रिक बाब वाटते, आणि आम्ही हस्तलिखित त्याच्या हवाली करून मोकळे होतो!

भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली मान्यता दिलेला इनस्क्रिप्ट कळफलक वास्तविक मराठीच्या माणसाला प्रिय व्हावा असा आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ दुसऱ्या. महाप्राण हवा असेल तर शिफ्ट दाबायची. म्हणजे वर्णमालाच बोटांखाली. ‘कि’ लिहिताना आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. टंकलेखनयंत्रावर हे उलट होते, कारण तिथे दिसण्याचा क्रम होता. इथे उच्चाराचा आहे. विंडोजच्या भाषाविषयक सेटिंगमध्ये मराठी जोडायला दोन मिनिटे लागतात, आणि विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की कळफलक बदलतो.

‘रोमनमधून लिहिणे सोपे आहे, विद्यार्थ्यांना तेच येते,’ हा नेहमीचा युक्तिवाद. सोपे आहे खरे. पण मराठी शब्दाचे आधी इंग्रजी स्पेलिंग मनात जुळवायचे आणि मग यंत्र सुचवील ते मराठी स्वीकारायचे, याला लेखन म्हणावे काय? रोमनमधला ‘आर’ र आणि ऱ यांत भेद करीत नाही. यंत्राने रफार दिला आणि लिहिणाऱ्याचे लक्ष नसले की बालाघाटातल्या दऱ्यांचा दर्या होतो. इनस्क्रिप्टमध्ये ऱ ला, आणि ळ लाही, स्वतःची जागा आहे. ‘दुसर्या’ असे छापलेले पाहून शुद्धलेखनाच्या नावाने गळा काढणाऱ्या आमच्यापैकी किती जणांना ती जागा दाखवता येईल?

आमच्याकडे ‘संगणक आणि मराठी’ या विषयावर टीप विचारतात. पाच गुणांची. विद्यार्थी ती हाताने लिहितात, आणि आम्ही लाल पेनाने तपासतो.