शिक्षकांना एकत्र येऊ द्या

नागझिऱ्याचे नाव निघाले की सुशिक्षित मराठी माणसाला आधी वाघ आठवतो आणि मग पुस्तके. व्यंकटेश माडगूळकरांनी या अरण्यावर लिहिले. किरण पुरंदरे चारशे दिवस येथे राहिले आणि त्यातून ‘सखा नागझिरा’ साकार झाले. १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे वन २०१३ च्या डिसेंबरात नवेगावसह राज्यातील पाचवा व्याघ्रप्रकल्प झाले. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी परिसरातून दोन वाघिणी आणून येथे सोडण्यात आल्या. त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती आणि त्या कोठे जातात, काय खातात यावर वनखाते डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होते. त्यात गैर काहीच नाही. उलट ते कौतुकास्पदच आहे. परंतु याच अरण्याच्या कडेने गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतील गावे वसलेली आहेत. या गावांत मुले आहेत आणि त्यांना शिकवणारे शिक्षकही आहेत. ते कोणत्या परिस्थितीत शिकवतात, त्यांना काय सुचते आणि त्या सुचण्याचे पुढे काय होते, याची दखल घेणारी यंत्रणा मात्र क्षीण होत चालली आहे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक मिळतात. अरण्यालगतच्या लहान गावातील शाळेत पट साठाच्या आसपासही जात नाही. म्हणजे चार-पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. त्यांपैकी एक तालुक्याला बैठकीसाठी किंवा मतदार यादीच्या कामासाठी गेला की उरलेल्या एकाने पहिलीला अक्षरे गिरवायला द्यायची, त्याच वेळी चौथीला भागाकार समजावायचा आणि मधूनच खिचडी शिजली की नाही ते पाहायचे. अध्यापन महाविद्यालयातील आदर्श पाठ येथे कामाला येत नाही. येथे उपयोगी पडते ती त्या शिक्षकाची स्वतःची कल्पकता.

ती सुचण्यासाठी लागणारी सामग्री भोवताली विपुल आहे. उन्हाळ्यात आईवडिलांबरोबर तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या मुलाला सत्तर पानांचा एक पुडा होतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. अशा हजार पुड्यांची एक गोणी होते. पाढ्यांना घाबरणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षकाने पुडा दिला, तर साताचा पाढा त्याच्या बोटांत आधीपासूनच आहे, असे आढळते. मोहाची फुले, धानाच्या लोंब्या, मालगुजारी तलावातील पाण्याची पातळी, झाडीबोलीतील झाडांची आणि पाखरांची नावे, हे सारे पाठ्यपुस्तकाबाहेरचे पाठ्यपुस्तकच होय. मारुती चितमपल्ली यांनी या परिसरातील माणसांकडून जे शब्द ऐकले, त्यांनी मराठी भाषा समृद्ध झाली. वनाधिकारी जर वनवासी बांधवांकडे शिकायला बसू शकतो, तर शिक्षकाने आपल्या वर्गातील मुलांकडून शिकण्यात कमीपणा कसला?

पण एका शिक्षकाला सुचलेली अशी युक्ती त्याच्या वर्गाच्या भिंतीपाशीच थांबते. आठ-दहा किलोमीटरवर दुसऱ्या गावात दुसरा शिक्षक त्याच अडचणीशी झुंजत असतो आणि त्याला या युक्तीचा पत्ता नसतो. पुढे बदली होते. २०१७ च्या शासन निर्णयाने अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदलीचा अधिकार दिला. तो न्याय्यच आहे; घरदार सोडून आडरानात राहणाऱ्या माणसाला परतीची वाट असायलाच हवी. मात्र शिक्षक जातो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची पुठ्ठ्याची अक्षरे, बियांच्या माळा, मुलांनी सांगितलेल्या गोष्टींची वही असे सगळे निघून जाते. नवा शिक्षक शून्यापासून आरंभ करतो. तीन वर्षांनी त्याचीही तीच कथा.

आपल्याकडे शिक्षकांनी शिक्षकांना शिकवण्याची परंपरा नव्हती, असे मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात शिक्षणखात्याच्या आश्रयाने चालणारे ‘शालापत्रक’ कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर विष्णुशास्त्री यांच्या हाती होते. विष्णुशास्त्र्यांची लेखणी सरकारला आणि मिशनऱ्यांना झोंबू लागली आणि १८७५ मध्ये सरकारने ते बंद केले. (शिक्षकांनी आपसात काय बोलावे, याची धास्ती सत्तेला तेव्हापासूनची आहे!) विसाव्या शतकात गिजुभाई बधेका यांनी गुजरातीत आणि ताराबाई मोडक यांनी मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर वनवासी मुलांमध्ये काम केले. मुले गुरे वळायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. परदेशी बनावटीची महागडी बालशिक्षणाची साधने परवडत नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने आणि काड्या यांतून ती सिद्ध केली. नागझिऱ्याच्या शिक्षकाला आज जे हवे आहे ते डहाणू तालुक्यात अर्ध्या शतकापूर्वी होऊन गेले आहे.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकाची येथे विशेष आठवण होते. त्यातील उत्साही शिक्षक पहिल्याच दिवशी मोठ्या अपेक्षेने वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि तो पार फसतो. मुले गोंगाट करतात आणि बिचाऱ्याला त्यांना घरी सोडून द्यावे लागते. त्या रात्री तो पुन्हा विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्टीने आरंभ करतो. गिजुभाईंनी आपल्या नायकाची फजिती लपवली नाही, म्हणून ते पुस्तक आजही शिक्षकांना आपले वाटते. शिक्षकांच्या आजच्या मेळाव्यांत नेमके हेच हरवले आहे.

महाराष्ट्राने गेल्या दशकात या दिशेने एक मोठे पाऊल टाकले होते. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधील जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवण्याचे प्रयोग केले. मूल रिकामे भांडे नाही, ते स्वतः ज्ञान घडवते, या विश्वासावर ते आधारलेले होते. खडे, काड्या, चित्रे, जमिनीवर आखलेले तक्ते अशा सामान्य साधनांनी मुले वाचू लागली, हिशेब करू लागली. त्याची वार्ता पसरली आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक तेथे प्रत्यक्ष वर्ग पाहण्यासाठी जाऊ लागले. पदरमोड करून, एस.टी.ने, कधी सुट्टीच्या दिवशीही. २०१५ च्या जूनमध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर केला तेव्हा कुमठ्याचे उदाहरण समोर होते. त्याच सुमारास ‘शिक्षणाची वारी’ निघाली. शिक्षकांनी आपली साधने मांडायची आणि इतर शिक्षकांनी ती पाहायची, विचारायची, टिपून घ्यायची, असे तिचे स्वरूप होते. सरकारी कार्यक्रमाला इतके समर्पक नाव क्वचितच मिळते.

मग गाडे कोठे अडले? कुमठ्याहून परतलेल्या शिक्षकांपैकी अनेकांनी ती दृष्टी आपल्याबरोबर नेली आणि त्यांच्या शाळा बदलल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु यंत्रणेने त्यातले तेवढेच उचलले जे मोजता येते आणि ज्याचे छायाचित्र काढता येते. वर्गांच्या फरशा रंगवण्याचे फर्मान निघाले. गावोगावी रंग आला, वर्गणी झाली, फरश्यांवर आकडे आणि अक्षरे उमटली. आणि कित्येक ठिकाणी त्या रंगीत फरशीवर मुलांना ओळीने बसवून तेच जुने घोकंपट्टीचे शिकवणे चालू राहिले. दुसऱ्याच्या वर्गात यशस्वी झालेले साधन आपल्या वर्गात आणायचे, तर ते तेथे कसे फसत फसत घडले हेही कळावे लागते. प्रदर्शनात मात्र कोणी आपले फसलेले मांडत नाही. तेथे अधिकारी येणार असतात.

याउलट कर्नाटकातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे हा नागझिऱ्यासारखाच वाघांच्या जंगलाला लागून असलेला तालुका. तेथील काही शिक्षक १९९५ च्या सुमारास आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहून आले. एकाच खोलीत अनेक इयत्ता असताना प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने पुढे जावे, यासाठी तेथे कार्डांची पद्धत तयार केली होती. या शिक्षकांनी ती कार्डे जशीच्या तशी उचलली नाहीत. आपसात बसून, आपल्या मुलांच्या बोलीत, आपल्या परिसरातील वस्तू घेऊन त्यांनी कन्नड कार्डे रचली. त्यातून ‘नली-कली’ ही आनंदाने शिकण्याची पद्धत उभी राहिली आणि पुढे राज्यभर गेली. आरंभ एका जंगलकाठच्या तालुक्यातील मूठभर प्राथमिक शिक्षकांनी केला होता, हे महत्त्वाचे.

आपल्या राज्यातही वैयक्तिक औदार्याची कमतरता नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा दहा लाख डॉलरच्या रकमेतील अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने जगाला दिलेला तो धडा होता. मात्र जंगलातील गावात जेथे मोबाइलला धड संपर्क मिळत नाही, तेथे क्यूआर कोड हे एक चौकोनी चित्र उरते. तेथे माणसालाच माणसापर्यंत जावे लागते.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही आवश्यकता नाही. कोठारी आयोगाने १९६० च्या दशकातच शाळा संकुलाची कल्पना मांडली होती. १९९० च्या दशकात महाराष्ट्राने साधारण दहा शाळांमागे एक केंद्र अशी रचना केली आणि ४,८६० केंद्रप्रमुखांची पदे निर्माण केली. केंद्रातील शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र यायचे, कोणीतरी पाठ घ्यायचा, इतरांनी त्यावर बोलायचे, हा मूळ हेतू. आज या शिक्षण परिषदेत बसून पाहावे. पोषण आहाराची माहिती, यू-डायसच्या नोंदी, आधार जुळवणी, कोणते प्रपत्र राहिले, कोणाचे छायाचित्र अपलोड झाले नाही, यातच दुपार सरते. केंद्रप्रमुखांच्या दोन हजारांहून अधिक जागा भरण्यासाठी २०२३ मध्ये परीक्षा जाहीर करावी लागली, यावरून किती केंद्रे वाऱ्यावर होती ते समजते. एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-तीन केंद्रांचा भार असेल, तर त्याने पाठ पाहावेत की टपाल गोळा करावे?

याच २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. अशा शाळा तेव्हा १४,७८३ होत्या. त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे दोन शिक्षक आणि बारा-तेरा मुले. यामागची काळजी खोटी नाही. बारा मुलांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाहीत, स्पर्धा नसते, शिक्षकालाही कंटाळा येतो. पण नागझिऱ्याच्या कडेला राहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीने वाघाच्या वाटेवरून दुसऱ्या गावच्या शाळेत जावे, हा त्यावरचा तोडगा असू शकत नाही. गाडी ठेवू म्हणतात. ती पावसाळ्यात किती दिवस येईल, हे त्या रस्त्यांवरून गेलेल्यांना विचारावे. बारा मुलांना जंगल ओलांडायला लावण्यापेक्षा दोन शिक्षकांना महिन्यातून एक-दोन दिवस एकत्र आणणे अधिक सोपे, स्वस्त आणि सुरक्षित आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळा संकुलांचा पुरस्कार केला आहे आणि प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. हे तास संगणकाच्या पडद्यावरील व्हिडिओ पुढे सरकवून भरायचे की शेजारच्या शाळेतील वर्ग पाहून, हे जिल्हा पातळीवरही ठरवता येईल.

गोंदिया जिल्हा परिषदेने यात पुढाकार घ्यावा. अरण्यालगतच्या केंद्रांत शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ केवळ पाठासाठी राखून ठेवावा आणि त्या वेळेत एकही प्रपत्र मागू नये. प्रत्येक शाळेत एक वही असावी. काय केले, काय जमले, काय फसले ते शिक्षकाने त्यात लिहावे आणि बदली झाली तरी ती वही शाळेतच राहावी. तिरोडा, साकोली, सडक अर्जुनी येथे निवृत्त शिक्षक आहेत, समाजकार्यात रमणारे कार्यकर्ते आहेत. अशा वह्यांमधील निवडक पाने दर महिन्याला छापून शाळाशाळांत पोहोचवणे त्यांना अशक्य नाही. त्यात झाडीबोली आणि गोंडी जाणणाऱ्यांची मदत झाली, तर पहिलीत नव्याने आलेल्या मुलाला प्रमाण मराठीच्या उंबरठ्यावर ठेच लागणार नाही.

तेंदूचा हंगाम मे महिन्यात येतो आणि तेव्हा शाळांना सुट्टी असते. म्हणून सत्तर पानांच्या पुड्याचा पाठ मार्च-एप्रिलच्या शिक्षण परिषदेतच कोणीतरी सहकाऱ्यांसमोर घ्यावा, त्यात मुले कोठे अडली तेही सांगावे आणि ते ऐकण्यासाठी केंद्रातील सर्व शिक्षक उपस्थित राहतील, एवढी त्या दिवशीची इतर कामे पुढे ढकलावीत.