पवनचक्क्यांवर देखरेख हवीच

पवनऊर्जेमागे सरकारी देखरेखीचा जाच नको, हे या सदरातील एका पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटले नाही. जाच आहे कुठे? २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प येतच नाहीत, म्हणून त्याखालची जनसुनावणीही होत नाही. भीमाशंकरजवळ पवनचक्क्यांसाठी डोंगर कापून रुंद रस्ते काढले. जंगल गेले, दरडी कोसळल्या आणि राडारोडा सुपीक शेतांत, जलाशयांत उतरला. पश्चिम घाटाविषयीच्या गाडगीळ समितीने २०११च्या अहवालात हे स्पष्ट नोंदवले आहे. लोकांना डोंगरावर जाण्यापासून अडवले जात होते, हेही त्यात आहे. आपल्याच डोंगरावर!

स्वच्छ वीज मलाही हवी. पण रस्ता कुठून जाणार, हे गावाला बुलडोझर आल्यावर का कळावे? सरकारने मोठ्या प्रकल्पांना ग्रामसभेपुढील सुनावणी बंधनकारक करावी आणि राडारोडा उचलल्याशिवाय पुढचे काम सुरू करू देऊ नये.

– एक वाचक, पुणे जिल्हा