नाउरू : उधळपट्टीच्या कथेआधीचे प्रकरण

‘फॉस्फेटच्या पैशाने माजले आणि भिकेला लागले’ ही नाउरूची कथा समाजमाध्यमांवर फार चवीने सांगितली जाते. विमाने, लंडनमध्ये आपटलेले संगीतनाटक, सारे खरेच. परंतु मित्रहो, 21 चौरस किलोमीटरचे हे बेट 1968 च्या स्वातंत्र्यापूर्वी कोणी खरवडले? ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त आयोगाने. तेही राष्ट्रसंघाच्या अधिदेशाच्या आडून! त्यांच्या शेतांना स्वस्त खत, बेटवासीयांना किरकोळ स्वामित्वधन. पुढे साऱ्या प्रजेलाच क्वीन्सलंडच्या कर्टिस बेटावर हलवण्याची ‘उदार’ सूचना आली. नाउरूने ती 1964 मध्ये धुडकावली आणि 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. निकालाची वाट न पाहता ऑस्ट्रेलियाने 1993 मध्ये 10 कोटी 70 लाख डॉलरांवर तडजोड केली. उधळपट्टीवर हसणाऱ्यांनी हा आकडा कोणत्या खात्यात मांडला आहे?