आधी माइक घ्या

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्यानंतर ‘मराठीत बोल’ म्हणून दुकानदाराला, बँकेतल्या कारकुनाला दरडावण्याचे प्रकारही मुंबई परिसरात गाजले. समजा त्याने मनावर घेतलं, तर रात्री घरी जाऊन मोबाइलवर तो बघणार काय, याची फिकीर दरडावणाऱ्यांपैकी किती जणांना आहे?

बघायला बहुधा मिळतं ते असं: गरगर फिरणारं बोधचिन्ह, मान्यवरांचं मनोगत, मागे बासरी आणि पंख्याच्या घरघरीत बुडालेले गुरुजी. ‘हे पुस्तक आहे. ती खिडकी आहे.’ खिडकी दिसतेच आहे हो! भाजीवाली ‘वीसला जुडी, दोन घेतल्या तर पस्तीस’ म्हणाली की तिला काय उत्तर द्यायचं, ते त्या बिचाऱ्याला हवं आहे.

पैसे नाहीत, ही सबब जुनी झाली. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ मध्ये सुरू झाली, तेव्हा स्टुडिओ, महागडे कॅमेरे, संकलनाची यंत्रं आणि ती चालवणारी माणसं यांच्याशिवाय शैक्षणिक कार्यक्रम होतच नसे. पुढे अनुदान आटलं, पगार थकले आणि २०१७ मध्ये संस्था बंद पडली. आज चित्रीकरणाला खिशातला फोन पुरतो. पुरत नाही तो आवाजाला. चार हात लांब ठेवलेला फोन गुरुजींच्या आधी खोलीचा घुमारा टिपतो. नाचगाण्याच्या व्हिडिओत हे एक वेळ खपेल. भाषेच्या धड्यात ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे ऐकू यायलाच हवेत, कारण लिपीत ते एकसारखेच दिसतात, शिकणाऱ्याला कानाशिवाय दुसरा आधार नाही. हजाराच्या आसपास मिळणारा कॉलर माइक शर्टाला लावा, पंखा बंद करा, रिकाम्या वर्गाऐवजी गाद्या-पडदे असलेल्या खोलीत बसा. घाम येईल, येऊ द्या.

आणि बाहेर पडा. ‘इझी जर्मन’ हे यूट्यूब चॅनेल बघा. हातात माइक, रस्त्यावरची माणसं, साधे प्रश्न. खाली एका ओळीत जर्मन, दुसऱ्या ओळीत इंग्रजी. सेट नाही, कार्टून नाही. आपल्याला बसथांबा आहे, रेशनचं दुकान आहे, सोसायटीची सभा आहे. खाली मराठी ओळ द्या, तिच्याखाली हिंदी. फोनवरच्या फुकट अॅपमध्ये हे होतं. लागतो तो शुद्धलेखन येणारा माणूस आणि त्याचे दोन तास.

खरी काटकसर आपण भलतीकडेच करतो. अॅनिमेशनवाल्याला आगाऊ रक्कम, ड्रोनवाल्याला दिवसाचं भाडं, आणि संवाद लिहिणाऱ्याला ‘मराठीची सेवा आहे, तुम्ही काय पैसे मागता!’ मग तो बापडा जुन्या अंकलिपीतली खिडकी पुन्हा उघडतो. दहा मिनिटांच्या धड्यात शब्द मोजके हवेत, ते वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा यायला हवेत आणि तरी बोलणं खोटं वाटता कामा नये. हे लिहिणं हेच सगळ्यात कौशल्याचं काम आहे, आणि तेच आपण फुकटात उरकतो.

मंडळांनी, ग्रंथालयांनी, मराठी भाषा विभागानेही पुढचं अंदाजपत्रक मांडताना पहिली रक्कम माइकसाठी आणि दुसरी लेखकाच्या मानधनासाठी धरावी. मनोगत नसलं तरी चालेल.