जमिनीवरून उठताना

मराठवाड्यातील मोंढ्यांत एकेकाळी आडत दुकानाची ओळख गादीवरून होत असे. पांढरी खोळ, पाठीशी लोड, पुढ्यात बसके मेज आणि त्यावर रोजमेळ. शेतकरी आला, हमाल आला, वजनकाटा पाहायचा झाला, की मालक मांडी मोडून उठे आणि परतून पुन्हा मांडी घाली. बदनापूरसारख्या गावात आता बहुतेक दुकानांत खुर्ची आणि काउंटर आले. हिशेब संगणकावर गेला, त्याबरोबर दिवसभराचे हे उठणे-बसणेही गेले. ते खात्यातून कधी वजा झाले, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

तूट दिसते ती साठीनंतर. ना मधुमेह, ना रक्तदाब, तरी सामायिकाची ४८ मिनिटे जमिनीवर निघत नाहीत. उठताना हात टेकावा लागतो, पुढे नातवाचा खांदा लागतो. यात नुसती गैरसोय नाही. तोल गेलेला माणूस एक दिवस न्हाणीघरात पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत पेढी चालविणारा माणूस पाणी मागण्यासाठीही दुसऱ्याची वाट पाहू लागतो.

‘आम्ही रोज चालतो’ असे बहुतेक ज्येष्ठ समाधानाने सांगतात. चालणे उत्तमच, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी त्याखेरीज आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढविणारे व्यायाम करावेत. योगासनांचे स्थान नेमके येथे आहे. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये साठीपुढील लोकांवरील २२ चाचण्या एकत्र तपासल्या. हे लोक कोणत्याही विशिष्ट आजारासाठी निवडलेले नव्हते. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत योगाभ्यासींचा तोल, पायांची ताकद, लवचीकता आणि झोप सुधारली, उदासी घटली. चालणे किंवा खुर्चीवरचे व्यायाम करणाऱ्यांशी ताडून पाहता पायांची ताकद, कमरेखालची लवचीकता आणि मनाची उभारी यांत योग सरस ठरला. आयुष्य वाढण्याची हमी मात्र त्यात नाही; अशी हमी देणाऱ्या शिबिरवाल्यांपासून दूर राहिलेले बरे.

‘या वयात शरीर वळणार कसे?’ या शंकेचे उत्तर पुण्यात मिळते. १९१८ मध्ये कर्नाटकातील बेल्लूर येथे जन्मलेले बी. के. एस. अय्यंगार लहानपणी सतत आजारी असत. १९३७ मध्ये ते योग शिकविण्यासाठी पुण्यास आले आणि येथलेच झाले. आसनासाठी शरीराला ओढण्याऐवजी त्यांनी शरीरासाठी आसनाखाली आधार दिला: खुर्ची, लाकडी ठोकळा, पट्टा, भिंतीवरची दोरी, घडी केलेले ब्लँकेट. हात जमिनीला पोचत नसेल तर तो ठोकळ्यावर टेकावा, इतकी साधी ही गोष्ट. पण तिच्यामुळे ताठ गुडघ्यांच्या माणसालाही आसनाचे दार उघडले. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांनी ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्याकडे शिक्षण घेतले. स्वतः अय्यंगार नव्वदीतही रोज सराव करीत. २०१४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते निवर्तले.

सावधगिरीही हवी. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाणारी आसने टाळावीत, हाडे ठिसूळ झालेल्यांनी खोल वाकू नये; रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास जोराचे प्राणायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. प्रारंभ जाणत्या शिक्षकासमोर व्हावा, मोबाईलच्या पडद्यासमोर नव्हे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांना एक सोय आपोआप लाभते: पहाटे पोट रिकामेच असते.

दुपारी गिऱ्हाईक विरळ झाले, की काउंटरचा आधार घेऊन टाचा दहा वेळा उचलाव्यात, मग क्षणभर एका पायावर उभे राहावे. सायंकाळी घरी सतरंजी अंथरून भिंतीशेजारी बसावे आणि हात न टेकता उठता येते का, ते पाहावे. पहिल्या दिवशी बहुधा येणार नाही. भिंत शेजारी आहे ती त्यासाठीच.