पंगतीची उपासना

इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे प्रथमच निम्म्याहून कमी, ४६.२ टक्के, आढळले. प्रार्थनास्थळ ओस पडण्याचे दुःख देवघरात नित्य दिवा लावणाऱ्यास सांगावयास नको. पोर्ट्‌समथजवळील काउप्लेनच्या चर्चने मात्र २००४ साली निराळीच वाट धरली. महिन्यातून एकदा मुलांनी आईबापांसह यावे, रंगा-कागदांत हात माखावेत, बायबलातील कथा ऐकावी, प्रार्थना करावी आणि सर्वांनी एकत्र जेवावे. 'मेसी चर्च', म्हणजे पसाऱ्याचे चर्च, हे त्याचे नाव. आज ते अनेक देशांत भरते.

ही कुटुंबे रविवारच्या उपासनेस कधी येणार, अशी पृच्छा होते. आमच्या मते ती गैरलागू आहे. पंगत उठते तेव्हा उपासना झालेलीच असते. पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळ्याही घराघरांत भाकरी मोडूनच जमत असत. तेथे ना बाके होती, ना घंटा.